वाणी एकाची, जबाबदारी दुसऱ्याची

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतले गोंड जमतात. या यात्रेचे वृत्तांत मी मराठी दैनिकांत वाचत आलो आहे. गर्दी, बंदोबस्त, पुढाऱ्यांचे आगमन, सारे त्यांत असते. यात्रेकरू आपसांत गोंडीत काय बोलले, तेवढे नसते. तालुक्याच्या वार्ताहराला दोष कसा द्यावा? त्याचा संपादक मराठी, वाचकही मराठी.

म्हणूनच शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली उभा केलेला 'सीजीनेट स्वर' मला मोलाचा वाटतो. गावकऱ्याने फोनवरून आपल्या बोलीत बातमी सांगायची, जाणत्या पत्रकारांनी ती पडताळायची, मग ती कोणीही फोनवर ऐकायची. न मिळालेली मजुरी, बिघडलेला हातपंप अशा तक्रारींबरोबर अधिकाऱ्याचा क्रमांकही सांगितला जाई. ऐकणारे त्याला जाब विचारीत.

हौशी आणि पेशेवर यांच्या या भागीदारीने वार्ताहर वाढले, एवढेच म्हणणे उथळ होईल. तिचे यश श्रमविभागणीत आहे: वाणी एकाची, जबाबदारी दुसऱ्याची. धोकाही तेथेच आहे. पडताळणाऱ्याला गोंडी येत नसेल, तर तो बातमी तपासण्याऐवजी सुधारू लागतो आणि शेवटी हाती आपला जुनाच वृत्तांत उरतो.

फोन आता गोंदियाच्या खेड्यांतही पोचला आहे. बातमी सांगणारे मिळतील. मला चिंता आहे ती गोंडी ऐकू शकणाऱ्या संपादकाची.