डॉ. सखाराम अर्जुन आणि आमचें चरित्रवाङ्मय

आमच्या चरित्रवाङ्मयांत सभा गाजविणारांस पहिला मान मिळतो, ग्रंथकारांस दुसरा. पानेंफुलें नि मुळ्या यांची टिपणें करीत बसणारास तेथें जागा नसते. डॉ. सखाराम अर्जुन (१८३९-१८८५) यांच्या वांट्यास आलेल्या विस्मरणाचें मूळ आम्हांस या रीतींतच दिसतें.

आज त्यांचें नांव निघतें तें बहुधा रखमाबाईंमुळें. बालपणीं लागलेलें लग्न नाकारणारी, १८८४ त उभ्या राहिलेल्या खटल्यास धीरानें तोंड देणारी आणि पुढें लंडनांत शिकून डॉक्टर झालेली ही मानिनी त्यांची सावत्र कन्या. त्या कथेंत सखाराम अर्जुन पाठीशीं उभे राहिलेले वडील म्हणून येतात आणि एका परिच्छेदांत संपतात. हें चित्र खोटें नव्हे. परंतु त्यामुळें त्यांचा पाठिंबा केवळ मायेपोटीं दिलेला वाटतो, हा त्यांतील दोष होय.

ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविणाऱ्या या वैद्यानें १८७० नंतरच्या दशकांत 'गर्भविद्या व प्रसूतिकरण' आणि 'विवाहविज्ञान' हीं पुस्तकें मराठींत लिहिलीं. १८७९ त मुंबईंतील औषधींची इंग्रजी सूची प्रसिद्ध केली. प्रसूति व विवाह हे ज्या काळीं कुजबुजीचे विषय होते, त्या काळीं त्यांस शास्त्र मानणारा मनुष्य मुलीच्या पाठीशीं उभा राहतो, तेव्हां ती माया खरीच. पण तिला विचाराचें बळही असावें, असें आम्हांस वाटतें.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ जणांनीं मुंबईंत निसर्गेतिहासाची जी संस्था स्थापिली, ती आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांत हिंदी गृहस्थ दोनच: सखाराम अर्जुन आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. दोघेही वैद्य. आत्माराम पांडुरंग ठाऊक आहेत ते मात्र प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून.

त्याच वर्षीं आमच्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेज निघालें. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें नांव नागपूरकर रोज घेतो. पण या प्रांतांतील जीवाश्म गोळा करणारा, टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं बुडून मरण पावलेला भूस्तरवेत्ता किती जणांस आठवतो? नांव टिकलें म्हणून काम टिकतें असें नाहीं.

तेव्हां सखाराम अर्जुनांस एखादा पुतळा मिळाल्यानें हें ऋण फिटणार नाहीं. चरित्रकारानें न्यायालयाचे कागद अवश्य पाहावेत. पण त्याआधीं ती औषधींची सूची उघडून बसावें. सूचींत कथानक नसतें, अलंकार नसतात. जें पाहिलें तें नेमकें नोंदवावयाची शिस्त असते. ज्या समाजांत अशी शिस्त चरित्राचा विषय ठरत नाहीं, त्यास वक्ते पुष्कळ लाभतील. निसर्गवेत्ते लाभतीलच, असा भरंवसा आम्ही देऊं शकत नाहीं.