ताटीआडचा योगी



म्हशावरून देहरीची वाट धरली की सह्याद्रीच्या रांगेपासून जरा सुटून उभे असलेले दोन सुळके समोर येतात. एक मच्छिंद्रगड, दुसरा गोरखगड. गोरक्षनाथांनी इथल्या गुहेत साधना केली, अशी आपल्या मुरबाड-शहापूर भागाची श्रद्धा. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराच्या जत्रेला आलेला माणूस बैल बघतो, घोंगडी घासाघीस करून घेतो आणि घरी जातो. त्या सुळक्यांकडे त्याचं लक्ष जाईलच असं नाही. वारकऱ्याने मात्र घटकाभर थांबून बघावं. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग आपले ज्ञानोबाराय, ही गुरुपरंपरा तुम्हाला पाठ आहे. तेव्हा योग म्हणजे कुणी बाहेरून आणून दिलेली वस्तू, असं आपण तरी मानू नये. ते आपलं आजोळ आहे.

हे आधी सांगायचं कारण, अलीकडे सप्ताहाच्या मांडवातही काकड्यानंतर योगाचं सत्र ठेवतात. शिकवणारे सांगतात, श्वास हळू घ्या, सोडताना आणखी हळू सोडा, राग उतरेल, मज्जासंस्था शांत होईल. चांगलं आहे. पण पुष्टीला ते दोन ठिकाणं पुढे करतात: ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आणि मुक्ताईचे ताटीचे अभंग. त्यांच्या सांगण्यातलं खरं किती, आणि या दोन ठिकाणांवर त्यातलं लादलेलं किती, हे आज तुमच्याबरोबर तपासून बघू.

श्वासाचं खरं आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद चालते, सोडताना मंदावते. हे मनगटावर बोट ठेवून तुम्ही आत्ता पाहू शकता. मेंदूपासून छातीत आणि पोटात उतरणारी एक मोठी नस आहे, डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. उच्छ्वास लांबला की तिचा अंमल वाढतो आणि हृदयाची धावपळ कमी होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं. उड्डियान, नौली या क्रिया चालू असताना शरीरात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजायची यंत्रं लावून पाहिलं आणि 'योगमीमांसा'त छापलं. साधूने यंत्रापुढे बसायला कचरू नये, हा धडा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला.

पुढचा प्रयोग तर आपल्या जास्त जवळचा. इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २३ निरोगी माणसांकडून दोन जप म्हणवून घेतले. एक ख्रिस्ती लोकांचा माळेवरचा जप, लॅटिन भाषेतला. दुसरा बौद्धांचा मंत्र. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. जप म्हणताना तो साधारण सहावर आला, आणि हृदयाची व रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळली. हे २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. देव वेगळा, भाषा वेगळी, श्वासाची चाल एकच.

आता संध्याकाळचा हरिपाठ आठवा. एक रांग म्हणते, दुसरी ऐकते. मग दुसरी म्हणते, पहिली श्वास घेते. चरण संपेपर्यंत श्वास सोडत राहावंच लागतं. पावलीवर अंग हलतं, टाळाचा ठोका चुकू द्यायचा नसतो. मुरबाडच्या एमआयडीसीतली पाळी संपवून, साहेबाचं बोलणं पोटात घेऊन आलेला पोरगा हरिपाठानंतर मऊ होतो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. त्याला प्राणायाम कुणी शिकवला नव्हता. आणि तो शांत होण्यासाठी उभाही राहिला नव्हता. तो देवापुढे उभा राहिला होता. हा फरक मला मोठा वाटतो.

सहाव्या अध्यायाकडे येऊ. सत्रवाले त्यातला आसनाचा भाग उचलतात: जागा कशी असावी, पाठीचा कणा कसा ठेवावा, तीन बंध कसे लागतात, कुंडलिनी कशी जागी होते. आपले काही कीर्तनकार नेमका हाच भाग वगळतात, 'हे आपलं काम नव्हे' म्हणून. दोघांचंही वाचन मला अपुरं वाटतं. त्या वर्णनात माउलींची वाणी इतकी रंगली आहे की योग त्यांनी आतून पाहिला होता याविषयी शंका उरत नाही. तो भाग टाकून देणं म्हणजे गहिनीनाथांना घराबाहेर ठेवणं. पण तेवढाच कापून घेऊन भिंतीवर लावणं हेही ग्रंथावर अन्याय करणारं आहे, कारण अध्याय तिथे संपत नाही. पुढे अर्जुन उठून सरळ शंका घेतो. हे सगळं ठीक, पण मन वाऱ्यासारखं आहे, ते धरायचं कसं? माउलींचा अर्जुन तर विचारतो की माकड कधी समाधी लावून बसेल काय. सामान्य माणसाचीच ही तक्रार आहे. ज्याच्या डोक्यात भावकीचा खटला चालू आहे, तोही हेच म्हणेल.

देवाचं उत्तर गीतेत दोन शब्दांचं आहे: अभ्यास आणि वैराग्य. माउली तिथे स्वतःची भर घालतात, आणि अध्यायातलं सगळ्यात मोलाचं वाक्य माझ्या मते तेच. मनाला त्यांनी शत्रू ठरवलेलं नाही. ते म्हणतात, या मनाचा एक चांगला गुण आहे. ज्या ठिकाणी गोडी लागली त्या ठिकाणी ते सोकावतं. म्हणून त्याला आत्मसुखाची चव कौतुकाने दाखवत राहावी. म्हशाच्या बाजारातून नवा बैल आणणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिले आठ दिवस तो बैलाला चाबूक दाखवत नाही, हिरवा चारा दाखवतो. भावनांवर 'नियंत्रण' हा आजचा लाडका शब्द. त्यात चाबकाचा आवाज आहे. माउलींनी योगाच्या ऐन अध्यायात गोडीची भाषा आणली, आणि पुढे नामाची वाट इथूनच फुटते. हरिपाठात भावाविना योगाला त्यांनी नुसती उपाधी ठरवलं, ते वाचून कुणी समजू नये की त्यांनी सहावा अध्याय खोडला. घर बांधून झाल्यावर परांची उतरवतात, तसं ते आहे.

आणि आता ताटी. प्रसंग तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. लोकांनी केलेल्या अपमानाने ज्ञानोबा व्यथित झाले, झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या बहिणीने बाहेरून अभंग म्हणत त्यांना ताटी उघडायला लावली. जरा विचार करा, माउली. आत बसलेला माणूस कोण आहे? याच विसोबा चाट्याने कुंभारवाड्यातून परळ मिळू दिलं नाही, तेव्हा योगाग्नीने ज्याने स्वतःची पाठ तापवली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले, तो हा योगी. शरीरातला अग्नी हवा तेव्हा पेटवणं ज्याला साधतं, त्याला कुणाच्या शिवीचा अग्नी विझवता आला नाही. परंपरेने हे लपवलं नाही. उलट गाऊन ठेवलं. संताचं मन दुखावतं, हे कबूल करायला आपल्या पूर्वजांना लाज वाटली नाही, यात मला त्यांचा मोठेपणा दिसतो.

म्हणून 'योग करणाऱ्याला राग येत नाही' असं जे सत्रात सांगतात, त्याला ताटीचे अभंग पुरावा म्हणून चालत नाहीत. ते नेमकं उलटं सांगतात. एकट्याच्या साधनेला जिथे मर्यादा आली, तिथे दुसऱ्या माणसाचा आवाज लागला. आणि तो आवाज कसा आहे पाहा. मुक्ताई सुरुवात उपदेशाने करते: योगी कसा असावा, लोकांचे अपराध त्याने कसे सोसावेत, जग पेटलं तर संताने काय व्हावं. पण कडव्यामागून कडवं तिचा सूर खाली येतो. आपलेच दात आपल्या जिभेला लागले तर काय करायचं, असं ती विचारते. या प्रश्नाला वाद घालता येत नाही, हसूच येतं. आणि विनवणी तीच, परत परत, धृपदासारखी. रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर आजी एकाच चालीने थापटते, तशी. त्या पुनरुक्तीचा उपयोग अर्थ वाढवण्यासाठी नाही. तिचा अर्थ तिच्या ठेक्यातच आहे. नुसतं वाचणाऱ्याला हे अभंग थोडे लांबलेले वाटतात. मोठ्याने म्हटले की वाटत नाहीत.

कीर्तनात हा प्रसंग सांगताना एक गडबड होते, तिच्याविषयी बोललंच पाहिजे. बुवा मुक्ताईला चिमुकली, लाडकी करून टाकतात. श्रोते हळहळतात, आणि मग तात्पर्य येतं: सोसावं. मांडवात बसलेल्या सासुरवाशिणीच्या कानावर ते कसं पडतं? दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचं, वाटणीत फसवणाऱ्या दिराचं सगळं गिळावं, असं. हे अभंग तिला सांगितलेले नाहीत, माउली. एका रुसलेल्या, समर्थ, ज्ञानी भावाला बहिणीने सांगितलेले आहेत. लहानीने थोराला बोल लावला आहे. तो बोल उलटा फिरवून दुबळ्याच्या तोंडावर हात ठेवायला वापरणं, ही मुक्ताईच्या नावावर केलेली चोरी आहे. शिवाय गोष्ट ताटी उघडण्यावर थांबत नाही. ज्याने छळलं तो चाटी परंपरेप्रमाणे पुढे विसोबा खेचर झाला, नामदेवरायांचा गुरू झाला. अपमान करणारा बदलला. नुसता अपमान सोसणारा शांत झाला असता, तर ही कथा अर्धीच राहिली असती.

त्याच ओघात दुसरी गोष्ट. महिनोन्महिने झोप नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, अशा माणसाला 'नाम घे, श्वास घे, होईल बरं' एवढ्यावर सोडू नये. नाम चालू राहू द्या, आणि त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या कुणाच्या प्रवचनावरून बंद करू देऊ नका. मुक्ताईने तरी कुठे भावाला एकट्यावर सोडलं?

राहता राहिली ती ताटी. शहरातल्या पुस्तकांत चित्रकार तिथे भक्कम लाकडी दार काढतात, कडी-कोयंड्यासकट. आपल्या भागात कारवीच्या कुडाचं घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ताटी म्हणजे काय हे ठाऊक आहे: कामट्या विणून केलेला, दोरीने बांधलेला झाप. शेळी शिंगाने ढकलते तो. बाहेरचं ऊन त्याच्या फटींतून आत येतं, आतल्या माणसाचा श्वास बाहेर ऐकू येतो. मुक्ताईला आत जायचंच असतं तर हाताने ढकलून जाता आलं असतं. चाळीसेक अभंग होईपर्यंत ती बाहेर उभी राहिली.