निष्क्रिय खातं

दोन वर्षं व्यवहार नसला, की बँकेतलं खातं निष्क्रिय होतं. माझ्या गाण्याच्या वहीत सहा वर्षं एक ओळ जमा नव्हती. सगळं ऐकून झालं, असं वाटलं होतं! परवा बायकोने विचारलं, ‘‘रद्दीत घालू?’’ म्हणून उघडली. कुमार गंधर्वांच्या नावावर शेरा : ‘तुटक गातात.’

रात्री पुन्हा ऐकले. क्षयामुळे काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं कानात साठवली. पुढे त्यांतूनच नवे राग उभे केले. त्यांच्या लहान लहान तानांमधली शांतताही सुरात असते, हे आत्ता कळलं. त्यांच्या गप्प वर्षांवर व्याज चढलं, माझ्या वर्षांवर नुसती धूळ.

‘तुटक’ खोडलं आणि शेजारी सही केली. खाडाखोडीवर सही लागतेच!