मुंजा कोणाचा?

लोककथेतली भुते म्हणजे माणसाच्याच वृत्तींची रूपे, असे आपली समीक्षा सांगत आली आहे. धनावर बसलेला ब्रह्मसमंध म्हणजे लोभ, हडळ म्हणजे सूड, मुंजा म्हणजे अतृप्त वासना. पटते. पण यातला ‘माणूस’ कोण, हे कोणी विचारीत नाही.

नाचणगावात लहानपणी आम्ही पिंपळाखालून पळत जात असू. वर मुंजा बसतो म्हणत. एकदा आजीला विचारले, “आजी, आपलं पोट्टं मेलं तं तेही मुंजा होते का वं?” ती म्हणाली, “आपल्यात मुंज कुठं होते बापू? आपलं मेलं तं मरूनच जाते.”

मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा मेला, तरच तो मुंजा. म्हणजे भूत व्हायलाही उपनयनाचा अधिकार लागतो! ब्रह्मसमंध तर जात नावातच घेऊन हिंडतो.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा २०२४ चा हिंदी चित्रपट कोकणातल्या याच समजुतीवर उभा आहे. १९५२ साली एक ब्राह्मण पोरगा वयाने मोठ्या मुलीचा ध्यास घेतो, आई त्याची मुंज लावते, पुढे तो बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. बाईवर मालकी सांगणारा पुरुषी हट्ट या भुतात नेमका उतरला आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंज मात्र तिथे नुसता तपशील राहते. ती कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

हडळीचे प्रकरण याहून गंभीर आहे. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते म्हणतात. ती मेली कशाने? सुईण वेळेवर आली का, पोटात काय होते, कितव्या दिवशी तिला कामाला जुंपले? कथा विचारीत नाही. घराचा अपराध ती मेलेलीच्याच माथी सूड म्हणून मारते. जिवंत बाईला चेटकीण ठरवून मारणाऱ्यांची रीत हीच. अशा मारहाणीला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. त्याचा वटहुकूम निघाला तो २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. भुतांना निव्वळ प्रतीक म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा बळीच्या बाजूने वाचून दाखविल्या. राक्षस कोणाला म्हणायचे, हे जिंकणारा ठरवतो. आमच्या समीक्षेने तिथूनच सुरुवात करायला हवी होती. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पिंड न मिळालेला जीव भटकतो, या समजुतीवरच तर भुतांचे राज्य चालते!

आजी त्या दीक्षेला पुलगावहून आगगाडीने गेली होती. परतल्यावर पिंपळाकडे बोट करून म्हणाली, “हे बुद्धाचं झाड होय.” मी मात्र पुढेही काही वर्षे तिन्हीसांजेला त्याखालून पळतच जात असे.