नऊ विजयांचा मृत्युलेख

खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत जिल्ह्याची वृत्तपत्रे वाचणे हा माझा जुना छंद. माणिकराव गावित सप्टेंबर 2022 मध्ये निवर्तले, तेव्हा वाचलेले मृत्युलेख एकाच आकड्याभोवती घुटमळत होते : लोकसभेवर नऊ वेळा निवड. आकडा थोर खराच. आमच्या नवापूर तालुक्यातला हा आदिवासी माणूस 2009 मध्ये हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या खासदारांना शपथ देत होता! पण नऊ वेळा मत देणारा कुठे होता? घरी मावची बोलणाऱ्या एकाही मतदाराचे वाक्य मला त्या रकान्यांत आढळले नाही. शोकसंदेश मात्र रांगेने; नावे झाकली तर सगळे एकच. बाकावरच्या म्हाताऱ्याने छायाचित्र पाहून मावचीत लांबलचक आठवण सांगितली. तेवढ्यात गाडी आली.