‘सत्तर टक्के’ : एका आकड्याचे परीक्षण

छाती न उघडता, केवळ हातांच्या दाबाने रुधिराभिसरण चालू ठेवता येते, हे कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली बाल्टिमोरहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु २० पैकी १४ रुग्ण वाचले, यावरून ७० टक्के हे या उपायाचे सामर्थ्य मानणे सयुक्तिक नव्हे. हे रुग्ण इस्पितळातील होते. काहींचे हृदय तर भूल देतानाच, वैद्यांच्या डोळ्यांदेखत थांबले होते. घरी वा रस्त्यावर कोसळलेल्या माणसाला असे तत्काळ साहाय्य क्वचितच लाभते. अमेरिकेत अशांपैकी सुमारे दहांत एकच जगून घरी परततो. कोसळताना कोणी पाहिले होते काय, दाब किती मिनिटांत सुरू झाला, हृदयाची लय विजेच्या धक्क्याने सुधारण्याजोगी होती काय, यांवर निष्पत्ती अवलंबून असते. नॉर्वेतील उट्स्टाइन येथे १९९० साली भरलेल्या बैठकीनंतर अशा नोंदींची समान पद्धती सुचविण्यात आली, ती याच कारणाने. छेदात कोण मोजले हे न सांगता दिलेली टक्केवारी केवळ अपुरी नसते. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्तांना ती खोटी आशा देते.