डॉर्मंट खाते

वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या खात्याला आम्ही बँकवाले ‘डॉर्मंट’ म्हणतो. पंजाबी सिनेमाचे तसेच झाले होते. १९४७ साली लाहोरचे स्टुडिओ सीमेपलीकडे गेले. पुढे ‘नानक नाम जहाज है’ (१९६९) असा भरणा मधूनमधून होई, एवढेच. मग दहशतीची वर्षे आली. १९८८ साली नट-दिग्दर्शक वीरेंदरला चित्रीकरण चालू असतानाच गोळ्या घातल्या.

२००२ साली ‘जी आयां नूं’ने खाते पुन्हा चालू केले. नायक म्हणतो, कॅनडात राहणार नाही. आणि ते पाहायला तिकिटे काढतात कॅनडातले पंजाबी! ‘कॅरी ऑन जट्टा’ला (२०१२) मीही पोट धरून हसलो, खोटे कशाला बोलू?

पण मनात बसलाय तो गुरविंदर सिंगांचा ‘अन्हे घोडे दा दान’ (२०११). एका दलिताचे घर पाडतात, माणसे गप्प बघत राहतात.

‘‘अहो, आवाज गेला का?’’ ही म्हणाली.

‘‘नाही गं. ती गप्प आहेत तीसुद्धा पंजाबीतच.’’